योएलूनं पाठवलेली पट्टी

सफरचंदं पिकायला लागली की आमच्या बेटावरच्या गावातले जाड आवाज न्यूझीलंडला जातात. माझा भाऊ योएलू जातो, त्याच्याबरोबर बहुतेक धडधाकट पुरुष जातात, आणि तोडणी संपेपर्यंत चर्चमध्ये उरतो तो बायकांचा गळा, थोडे म्हातारे आणि पाद्रीबाबा. पाद्रीबाबांचं गाणं देवानंच ऐकावं. त्याला सवय आहे.

ही उणीव सगळ्यात जास्त खुपते माझ्या वहिनीला, फुआतिनोला. चर्चमधली गाणी तीच बसवते. मागच्या बाकावर कुणी न गाता नुसते ओठ हलवत असेल तरी तिला कळतं, आणि ती भर तालमीत नाव घेऊन विचारते, "काय गं, तुझा आवाज घरी विसरलीस का?"

यंदा मातृदिनासाठी तिनं स्वतःच एक गाणं रचलं आणि जाहीर केलं, की हे पुरुषांसकट गायचं. पुरुष तिकडं, बाया इकडं, मध्ये सगळा समुद्र, पण गाणं एक. तिनं ऑर्गनवर चाल वाजवून फोनवरून पाठवून दिली. तिकडं बागेतलं काम संपलं की मंडळी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये जमायची आणि कानात चाल ऐकत एकेक जण आपला भाग गाऊन पाठवायचा. वहिनी ते सगळे आवाज घरच्या कॉम्प्युटरवर एकाखाली एक लावत जायची आणि जागा हवी म्हणून आपल्या फोनवरून पुसत जायची.

तो कॉम्प्युटर आमच्या मावसभावानं, पोआसानं, सुटे भाग जोडून बनवून दिलेला. पोआसाचं सालेलोलोंगाच्या धक्क्याजवळ दुरुस्तीचं दुकान आहे. शाळेतून आल्यावर मी त्याच कॉम्प्युटरवर मुलांचे पेपर टाइप करायची, आणि तेवढ्यापुरता तो बरा होता. पण एका गाण्यात इतके पुरुष कोंबायचे म्हटल्यावर त्याला धाप लागू लागली. चार आवाज लावले तर चालायचा, आठ लावले की 'मेमरी कमी आहे' म्हणून हात वर करायचा.

वहिनीनं ही रड फोनवर योएलूला ऐकवली. त्यानं फक्त आतल्या मेमरीच्या पट्टीचा फोटो मागवून घेतला.

मग तोडणीच्या तुकडीतला लाफाएले लवकर परत आला, त्याची बायको बाळंत झाली म्हणून. मुलीचं तोंड बघून झाल्यावर तो थेट आमच्याकडं आला, हातात एक रबरी बूट घेऊन. एकच बूट. बुटात मोजा आणि मोज्यात प्लास्टिकच्या पाकिटात मेमरीची पट्टी.

"योएलूनं सुट्टीचा अख्खा दिवस घालवून शोधलीय," लाफाएले म्हणाला. "दुकानदाराला म्हणाला, माझ्या बायकोच्या मशीनमधल्या पट्टीएवढीच आणखी एक दे. एवढीच मोठी, अशीच खाच असलेली. आम्ही सगळे सिनेमाला गेलो, हा तिकडं खाचा मोजत बसला."

वहिनीनं ती पट्टी तळहातावर घेतली. लग्नात अंगठी घेताना तिचा चेहरा असा झाला नव्हता. मी होते तिथं, मी पाहिलंय.

रविवारी प्रार्थनेनंतर पोआसा जेवायला आला. नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं त्यानं इतकी खाल्ली, की वाकून कॉम्प्युटरचा डबा उघडताना त्याला दम लागला. पण हात सफाईचा. पट्टी टक्क करून बसली. मग तो सेटिंगच्या पानावर गेला, काहीतरी खुडबुड केली आणि म्हणाला, "आता बघ कशी पळते!"

स्क्रीनवर मेमरी दुप्पट दिसायला लागली. वहिनी तिथल्या तिथं नाचली. मग तिनं सगळेच्या सगळे आवाज एकदम लावले आणि बटण दाबलं.

तो क्षण मला अजून आठवतो. आमच्या बसायच्या खोलीत अचानक गावचे सगळे पुरुष उभे राहिले. भिंती घुमल्या. मागच्या घरात चटई विणत बसलेली माझी आई, मातालेना, हातातलं केवड्याचं पान तसंच धरून धावत आली. "आली का पोरं?"

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसऱ्यात योएलूचा आवाज कढईत मासा टाकल्यासारखा तडतडला, आणि स्क्रीन निळा पडला. सगळे पुरुष गेले. पोआसा आधीच गेला होता.

वहिनीला आधी वाटलं, चूक गाणाऱ्यांची. तिनं फोन लावून सगळ्यांना फैलावर घेतलं. "तिसऱ्या कडव्यात कोण खाकरलं?" तिकडून सगळ्यांनी आयांच्या शपथा घेतल्या. मग तिनं गाणं पुन्हा लावलं. तिसरं कडवं स्वच्छ निघालं, तडतड पहिल्यात आली. पुन्हा लावलं, तर दुसऱ्यात, आणि तीही वेगळ्याच माणसाच्या गळ्यात. वहिनी खुर्चीत मागं टेकली.

"लांगी," ती मला म्हणाली, "चूक गाण्यात असती तर जागच्या जागी राहिली असती. बेसूर माणूस रोज त्याच जागी बेसूर होतो. ही चूक हिंडतेय."

मग ज्याला त्याला मूळ आवाज आपापल्या फोनवर वाजवून बघायला लावला. तिथं सगळे निर्मळ. म्हणजे दोष मशीनमध्येच कुठंतरी होता.

मी म्हटलं, "वहिनी, राग मानू नकोस, पण हे सगळं नवी पट्टी आल्यापासून सुरू झालंय."

"पट्टीला नाव ठेवायचं नाही!"

"मी कुठं नाव ठेवतेय? मी तारीख सांगतेय."

"तारीखही सांगायची नाही."

मग पट्टी सोडून बाकी सगळ्यांवर आळ घेणं सुरू झालं. पोआसा फोनवर म्हणाला, गरम होत असेल. आम्ही डब्याची बाजू उघडी ठेवून समोर पंखा लावला. आत कोपऱ्यात पालीची दोन अंडी सापडली. "हीच ती!" वहिनी आनंदानं ओरडली. आईनं अंडी नारळाच्या शेंड्यांवर ठेवून अलगद बाहेर नेली. तिच्या मते पाल म्हणजे घरचं माणूस. अंडी गेली, निळा पडदा राहिला.

मग विजेवर संशय आला. फ्रिज बंद ठेवून गाणं लावून पाहिलं. गाणं तडतडलंच, वर आइस्क्रीमही वितळलं. ते आईनं एकटीनं संपवलं आणि म्हणाली, "उद्या पुन्हा तपासून बघा."

पाद्रीबाबांच्या पत्नी, पाद्रीबाई, येऊन गेल्या. त्यांचं म्हणणं, आमच्या स्वर्गवासी वडिलांना यंत्राचं गाणं पसंत नसावं. त्यांनी डब्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आणि खरंच, त्या दुपारी मशीन एकदाही अडलं नाही! पाद्रीबाईंनी ही बातमी दुकानापासून विहिरीपर्यंत पोचवली. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत स्क्रीन निळा. यावेळी गाणं साठवताना पडला, आणि साठवलेल्या दोन फाइली उघडेचनात. एक लाफाएलेची, एक योएलूची.

इकडं योएलूचा रोज फोन. "काय गं, कशी चाललीय माझी पट्टी?"

"उडत्या माशासारखी!" वहिनी सांगायची. तिच्या पाठीमागं निळा स्क्रीन असायचा.

"मी सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, माझी बायको आता गाव गाजवणार. ऐक, त्याच दुकानात आणखी एक दिसलीय, पाठवू का?"

"नको!" वहिनी इतक्या जोरात ओरडली की बाहेरचं कुत्रं उठून बसलं. "म्हणजे, एवढी पुरे आहे. इतका वेग सोसत नाही बाई मला."

मी कोपऱ्यात पदरात तोंड घालावं तसं उशीत तोंड घालून हसत होते. पण आईला हे नाटक कुणी सांगितलंच नव्हतं. ती आरामात फोनपाशी आली आणि म्हणाली, "कसला उडता मासा! मशीन मरून पडलंय तुझ्या पट्टीपायी. तू त्यात मोजा ठेवलास का बूट, कुणास ठाऊक. फ्रिजसुद्धा बंद करून बघितला आम्ही."

 मग योएलूचा आवाज आला, एकदम लहान. "खरं का, फुआतिनो?"

वहिनीनं डोळे मिटले. "खरं आहे."

"मग काढ ती आणि समुद्रात टाक. मला काय कळतं त्यातलं? खाचा मोजल्या, बाकी काय बघायचं ते माहीतच नव्हतं. आधीच सांगायचंस ना."

"आधी कशी सांगू? सिनेमा सोडून गेला होतास."

"सिनेमा भिकार होता म्हणे," योएलू म्हणाला, पण हसला नाही.

फोन ठेवल्यावर वहिनी त्या डब्याकडं बघायला लागली. मला वाटलं, रडणार. ती उठली आणि वायरी सोडवायला लागली. "समुद्रात टाक म्हणे! उद्या तुला शाळेला सुट्टी आहे ना? चल पोआसाकडं. ही पट्टी चालणार. मी हिला गायला लावणार."

सकाळच्या बसला गर्दी होती, म्हणजे नेहमीसारखीच. खाली बसलेल्या एका भारदस्त बाईंच्या मांडीवर मी, माझ्या मांडीवर कॉम्प्युटर. वहिनी दुसऱ्या कुणाच्या मांडीवर बसून मागून हुकूम सोडत होती, "खड्डा आला की उचलून धर!" खालच्या बाई म्हणाल्या, "कुणाला उचलून धरायचं ते तरी सांग. मला दोन्ही उचलवणार नाहीत."

पोआसानं आमचं तोंड बघितलं आणि काउंटरवरची मोबाइलची कव्हरं बाजूला सारली. त्यानं पेनड्राइव्हमधून तपासणीचा प्रोग्रॅम लावला. वहिनीनं विचारलं, "हे काय करतं?"

"मेमरीत आकडे ठेवतं आणि परत मागतं. ठेवले तसेच मिळाले तर ठीक. बदलून मिळाले तर लाल ओळ."

"म्हणजे मी तालमीत करते तेच. शिकवायचं आणि म्हणून घ्यायचं."

त्यानं आधी जुनी पट्टी काढून फक्त नवी ठेवली. तपासणी चालू राहिली, आम्ही मासळीबाजारात जाऊन आलो, तरी एक लाल ओळ नाही. वहिनी काउंटरवर मूठ आपटून म्हणाली, "बघ! मी सांगत नव्हते?" मग नवी काढून जुनी लावली. तीही स्वच्छ. पोआसा डोकं खाजवायला लागला.

"दोन्ही शहाण्या आहेत. मग तुझ्या घरची वीजच खराब."

"फ्रिज बंद करून पाहिलाय," मी म्हटलं.

"मग असं कर, एकच पट्टी ठेव. कुठलीही."

"एकीवर आवाज मावत नाहीत! म्हणून तर त्यानं दुसरी पाठवली." वहिनी बोलता बोलता थांबली. "पोआसा, तू दोघींना वेगवेगळं तपासलंस. एकत्र कुठं तपासलंस? माझ्याकडं अशा दोघी जणी आहेत. एकेकटीला म्हणायला लावलं की कोकिळा. शेजारी उभ्या केल्या की एक पुढं पळते, दुसरी धापा टाकत चुकीचं म्हणते. लाव दोघींना एकत्र."

पोआसानं दोन्ही बसवल्या, प्रोग्रॅम सुरू केला. आम्ही नीट बसलोही नव्हतो तर स्क्रीन लाल. ओळींवर ओळी. शेजारच्या मासळीवाल्यानं डोकावून विचारलं, "हे काय, जत्रा आहे का?"

पोआसानं दोन्ही पट्ट्या काढून त्यांच्यावरचे चिकटवलेले कागद डोळ्यांजवळ धरले, आणि त्याचे कान हळूहळू तांबडे झाले. "माप एक, खाच एक, पण वेग वेगळा. नवी जास्त वेगाची. तशा दोघी एकत्र लावल्या तर मशीन आपणहून सावकाश चालीनं घेतं. पण..."

"पण काय?"

"पण मी त्या दिवशी सेटिंगमध्ये नवीचा वेग लावून ठेवला. म्हटलं, फुआतिनो खूश होईल. जुनी एकटी असली की मशीन तिचाच वेग धरतं, पण नवीच्या जोडीला बिचारी त्या वेगाला पुरत नव्हती."

मी आणि वहिनीनं एकमेकींकडं पाहिलं. पालीची अंडी, फ्रिज, पाद्रीबाईंची प्रार्थना, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. वहिनी आता ह्याला सोलणार असं मला वाटलं, पण ती हसतच सुटली. हसता हसता काउंटरवर वाकली. "तीन ताटं जेवलास, आणि वर माझं मशीन पळवायला निघालास!"

पोआसानं सेटिंगचं पान उघडलं आणि वेग जुनीच्या चालीवर आणला. "आता नवीला थोडं हळू चालावं लागेल."

"चालू दे," वहिनी म्हणाली. "नव्या घरात आलं की घरच्यांच्या चालीनं चालावं लागतं. मला विचार."

"आम्ही कधी हळू चालवलं गं तुला?" मी फणकारले. "लग्नानंतर आठवडाभरात तू आख्ख्या गावाला पळवत होतीस!"

तपासणी पुन्हा लावली. लाल ओळी गेल्या होत्या, पण पूर्ण नाहीत. बऱ्याच वेळानं एक उमटली. वहिनीचा चेहरा पडला. पोआसा मात्र आता हट्टाला पेटला होता. त्यानं आणखी एक आकडा बदलला. त्याच्या म्हणण्यानुसार, मेमरीकडं काही मागितल्यावर उत्तरासाठी किती थांबायचं, ते त्या आकड्यानं ठरतं. तो त्यानं जरा वाढवला. "दोघींना श्वास घ्यायला वेळ देऊ."

मग आम्ही थांबलो. पोआसाच्या बायकोनं कोको करून आणला. मासळीवाला दुकान सोडून आमच्यात येऊन बसला; कशाची वाट बघतोय हे त्याला ठाऊक नव्हतं, पण लाल काही यायला नको एवढं त्याला समजलं होतं. दुपारच्या बोटीचा भोंगा झाला, बोटीतून उतरलेली दोन माणसंही काय चाललंय म्हणून दारात थबकली. शेवटी पडद्यावर आलं: चुका नाहीत. पोआसानं खात्रीसाठी सगळं पुन्हा एकदा चालवलं. चुका नाहीत. मासळीवाल्यानं टाळ्या वाजवल्या, मग दारातल्या माणसांनीही, आणि वहिनीनं पोआसाच्या टकलाचा मुका घेतला.

बसमध्ये, कुणाच्या तरी मांडीवर बसूनच, तिनं योएलूला फोन लावला. "ऐक. तुझी पट्टी चांगली आहे. आमची जुनीही चांगली आहे. फक्त वेग जुळत नव्हता, तो पोआसानं जुळवला. समुद्रात काही टाकायचं नाही."

तिकडून असा काही जल्लोष उठला की बसमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या. योएलूनं फोन मोठ्यानं बोलायला लावून ठेवला होता. आख्खी तुकडी जेवायला बसली होती आणि ऐकत होती.

"म्हणजे मी बरोबर आणली!" योएलू ओरडला.

"चुकीचीच आणलीस," वहिनी म्हणाली, "पण आता ती माझी आहे."

तिकडं कुणीतरी शिट्टी वाजवली. बसमध्येही कुणीतरी वाजवली. वहिनी लाजून माझ्या पाठीआड झाली आणि तिथूनच पुढचं काम सांगितलं: दोन आवाज खराब झालेत, पुन्हा हवेत. लाफाएले तर गावातच होता; त्याला मुलीसकट घरी बोलावलं, आणि त्याच्या भागात मध्येच एक बारीक टाहो आला तो वहिनीनं मुद्दाम ठेवला. योएलूनंही एव्हाना मूळ पुसून टाकलं होतं, म्हणून तो पुन्हा शेडमध्ये जाऊन गायला. मला विचाराल तर आधीपेक्षा चांगला गायला. आधी तो जपून गात होता. यावेळी त्याच्या आवाजात हसू होतं.

मातृदिनाच्या रविवारी चर्चमध्ये पांढऱ्या कपड्यांची नुसती गर्दी. आया पुढच्या बाकांवर, गळ्यांत फुलांच्या माळा. कॉम्प्युटर ऑर्गनशेजारी, त्याला दोन मोठे स्पीकर. पोआसा त्याच्या बाजूला असा उभा होता जणू त्यानंच गाणं रचलंय. वहिनीनं हात उचलला, आम्ही बायकांनी सूर धरला. पहिली ओळ आमची एकट्यांची. आणि दुसऱ्या ओळीला खालून, जमिनीतून यावेत तसे पुरुष आले.

चर्च भरून गेलं. गाताना माझाच सूर हलला. वहिनीनं डोळे वटारले, पण तिचेही डोळे भरले होते. समोरच्या बाकांवर एकेक आई आपल्या मुलाचा आवाज ओळखत होती. कुणी बोट वर करायची, कुणी शेजारणीला कोपर मारायची. बाळाचा टाहो आला तेव्हा लाफाएलेची सासू उभीच राहिली. तिसरं कडवं लागलं.  योएलूचा आवाज सरळ, स्वच्छ, न तडतडता पुढं गेला.

तेवढ्यात माझी आई उठली. ती स्पीकरपाशी गेली, त्यावर हात ठेवला, आणि गाणं चालू असतानाच मोठ्यानं म्हणाली, "योएलू, तिकडं थंडी पडली असेल. मोजे घालून झोपत जा."

मग काय विचारता! आख्खं चर्च हसलं. आम्ही हसत हसत गात राहिलो, बायका, म्हातारे, पाद्रीबाबासुद्धा, आणि पहिल्यांदाच त्यांचा सूर कुणाला वाईट वाटला नाही. आई तिथंच उभी राहून कमरेवर हात ठेवून नाचायला लागली. तिच्या मागं लाफाएलेची सासू, तिच्या मागं बाकीच्या आया. गाणं संपलं तरी कुणी बसेना.

पाद्रीबाबा प्रवचनाचे कागद घेऊन उभे राहिले. त्यांनी कागदांकडं पाहिलं, नाचणाऱ्या आयांकडं पाहिलं, कागद घडी घालून खिशात ठेवले आणि वहिनीला म्हणाले, "फुआतिनो, पुन्हा लाव."